ब्लूबेरीला काळी माती का मानवत नाही

दिवाळीच्या सुमारास श्रीरामपूरच्या वहिनींनी मला एक फोटो पाठवला. कुंडीत वीतभर उंचीचं रोप, पानं पिवळीधमक, पण पानांच्या शिरा मात्र हिरव्यागार. खाली लिहिलं होतं, "ताई, तुमच्याकडे तर घरोघरी ब्लूबेरी असते. मग माझीच का रुसली? चांगलं मुरलेलं शेणखत घातलंय, रोज पाणी घालते."

हाच प्रश्न मला गेल्या दोन-तीन वर्षांत पुण्याच्या मैत्रिणीनं विचारला, नाशिकच्या मामेभावानं विचारला. कारण उघड आहे. फळांच्या दुकानात पेरू देशाहून आलेल्या ब्लूबेरीच्या छोट्या डब्या दिसू लागल्या आहेत. सप्टेंबर २०२३मध्ये अमेरिकेहून येणाऱ्या ब्लूबेरीवरचं आयात शुल्क कमी करायचं भारतानं मान्य केलं, त्याच्याही बातम्या झाल्या. आणि 'घरच्या घरी कुंडीत ब्लूबेरी' अशा जाहिराती तर फोन उघडला की समोर येतात.

मी न्यू जर्सीत राहते. लागवडीची ब्लूबेरी जिथे जन्मली ती जागा माझ्या घरापासून गाडीनं तासाभरावर आहे. तरीही माझी पहिली तीन रोपं मेली. त्यामुळे वहिनींच्या फोटोतला पिवळा रंग मी ओळखला. हे रोप आजारी नव्हतं. ते उपाशी होतं, आणि वहिनी जितकी काळजी घेत होत्या तितकं ते आणखी उपाशी राहत होतं. असं का, ते नीट सांगते.

आधी एकच शब्द: सामू

माती परीक्षणाच्या कागदावर पहिल्या ओळींत 'सामू' असं लिहिलेलं असतं. माती किती आंबट आहे याचं ते माप. ७ म्हणजे ना आंबट ना खारी. ७च्या खाली आम्ल, म्हणजे आंबट. ७च्या वर विम्ल, म्हणजे चुन्याच्या बाजूची.

यात एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. सामूचा एक आकडा म्हणजे दहापट फरक. सामू ६ची माती ७च्या मातीपेक्षा दहापट आंबट, ५ची शंभरपट. म्हणून '८ आणि ५ यांत तीनचाच तर फरक' असं म्हणून चालत नाही. तो हजारपट फरक आहे.

बहुतेक भाज्यांना ६ ते ७.५ चालतो. ब्लूबेरीला ४.५ ते ५.२च्या आसपास हवा. ताकाचा सामू साधारण साडेचारच्या घरात असतो, म्हणजे या झाडाला जवळजवळ ताकाइतकी आंबट माती लागते. नगर, सोलापूर, मराठवाड्याकडच्या काळ्या जमिनीचा सामू बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठ. खणताना पांढरे खडे लागतात ना, ती चुनखडी. तिच्यामुळे ही माती विम्ल असते.

पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, हे कशामुळे?

लोखंडी कढईत चिंचेची आमटी केली की ती काळपट होते. कढईतलं लोह आंबटात उतरतं. तीच कढई, पण भाजीत काही आंबट नसलं तर एवढी काळी पडत नाही. मातीतही तसंच घडतं. काळ्या मातीत लोह भरपूर असतं, पण माती विम्ल असेल तर ते पाण्यात उतरत नाही आणि मुळांना पिता येत नाही. लोहाशिवाय पानात हिरवा रंग तयार होत नाही. शिरांच्या जवळ जे थोडं लोह पोचतं तेवढाच भाग हिरवा राहतो.

ऊस लावणाऱ्यांना हे सांगायला नको. चुनखडीच्या जमिनीत उसावर केवडा पडतो, म्हणजे पानं पिवळी-पांढरी पडतात, मग आपण हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, फवारतो. दुखणं तेच. फरक इतकाच की उसाची मुळं दांडगी असतात, तो सावरतो. ब्लूबेरी सावरत नाही.

ते तिच्या मुळांमुळे. माझं पहिलं मेलेलं रोप मी उपटलं तेव्हा ते हातात अलगद आलं. दोन हंगाम जमिनीत असूनही मुळांचा गोळा कुंडीच्याच आकाराचा होता. आसपासच्या लाल चिकणमातीत एकही मूळ शिरलेलं नव्हतं. गोळा पाण्यात धुतला तर विंचरलेल्या केसांच्या गुंत्यासारखी बारीक मुळं, जाड असं एकही नाही. बहुतेक झाडांच्या मुळांवर जी सूक्ष्म लव असते, जिच्यातून ती पाणी आणि अन्न शोषतात, ती लवच या झाडाला नसते. त्याऐवजी मुळांत एक खास बुरशी राहते आणि ती कुजलेल्या पालापाचोळ्यातून अन्न काढून झाडाला देते. ही जोडी आंबट, भुसभुशीत मातीतच नांदते.

शेणखतानं काय बिघडलं?

हे वहिनींना पटवणं सगळ्यात जड गेलं. आपल्याकडे झाड सुकायला लागलं की पहिला हात खताच्या ढिगाकडे जातो. पण शेणखताचा सामू बहुधा ७च्या आसपास किंवा वर असतो आणि त्यात क्षारही असतात. ब्लूबेरीला दोन्ही सोसत नाहीत. शिवाय बहुतेक पिकं नत्र नायट्रेटच्या रूपात घेतात, ही मात्र अमोनियमच्या रूपात घेते. म्हणून इथले बागायतदार तिला अमोनियम सल्फेट देतात. तेही थोडं थोडं, आणि झाड वाढीला लागल्यावरच.

वापरलेला चहाचा चोथा आणि कॉफीची पूड यांबद्दलही सगळे विचारतात. कॉफीतलं आम्ल बरंचसं आपल्या कपात उतरलेलं असतं, उरलेला चोथा फारसा आंबट नसतो. आच्छादनात मिसळायला हरकत नाही. त्यानं सामू उतरेल असं मात्र धरू नका.

हे झाड आलं कुठून?

न्यू जर्सीच्या दक्षिणेला पाईन बॅरन्स नावाचा मोठा जंगली पट्टा आहे. तिथली जमीन म्हणजे पांढरी वाळू आणि तिच्यावर पाईनच्या सुयांचा थर. ओढ्याचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं आणि आंबट. जुन्या वसाहतवाल्यांनी या जमिनीला नापीक ठरवलं. 'बॅरन' शब्दाचा अर्थच तो. आणि याच जमिनीत ब्लूबेरी रानात आपोआप वाढत होती.

लोक रानातली झुडपं खणून घरी नेत, चांगल्या खतावलेल्या मातीत लावत आणि ती मरत. पुष्कळांनी गृहीत धरलं की हे फळ माणसाळत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९०६पासून प्रयोग केले आणि १९१०मध्ये लिहून छापलं की या झाडाला आंबट मातीच हवी. चांगली म्हणतात ती मातीच त्याला मारत होती.

ते वाचून एलिझाबेथ व्हाइट या बाईंनी १९११मध्ये त्यांना पत्र लिहिलं. व्हाइट्सबॉग इथे त्यांच्या वडिलांची क्रॅनबेरीची शेती होती. आमच्या जमिनीवर प्रयोग करा, असं त्यांनी कळवलं. मग त्यांनी रानात बेरी तोडणाऱ्या गावकऱ्यांनाच कामाला लावलं. ठरावीक मापाची भोकं पाडलेली पट्टी प्रत्येकाला दिली. ज्या झुडपाचं फळ त्या भोकातून पडणार नाही इतकं मोठं, ते झुडूप दाखवणाऱ्याला पैसे. शिवाय शोधणाऱ्याचं नाव त्या झुडपाला. रुब लीक नावाच्या माणसानं दाखवलेल्या झुडपाचं नाव 'रुबेल' पडलं. ते वाण आजही मिळतं. १९१६मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात गेलं.

रानाची ओळख रानात राबणाऱ्यांना सर्वांत जास्त असते, आणि त्या बाईंनी ती मानली, पैशानंही आणि नावानंही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. व्हाइट्सबॉगला गेले की मी त्या जुन्या झुडपांपाशी थोडा वेळ थांबते.

मग मातीत गंधक घालून ती आंबट करता येणार नाही का?

येते, पण कुठली माती त्यावर अवलंबून. गंधक मातीत मिसळलं की काही जिवाणू ते खाऊन आम्ल तयार करतात. त्याला महिने लागतात, आज घालून उद्या फरक दिसत नाही. माझ्या अंगणात आधीच्या मालकानं हिरवळीसाठी चुना टाकलेला होता. रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माती दिली तर सामू ६.८ आला. हे मी रोपं आणण्याआधी करायला हवं होतं. मग वाफ्यात गंधक आणि पाईनच्या सालीचा चुरा मिसळला, एक पूर्ण हिवाळा जाऊ दिला, आणि पुढच्या वसंतात नवी रोपं लावली. ती जगली.

हाच उपाय काळ्या मातीत का चालत नाही, त्याचा हिशोब मांडून बघा. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट खोल खड्डा. त्यात साधारण २०० किलो माती बसते. तिच्यात चुनखडी ५ टक्के धरली तर १० किलो चुनखडी झाली. एक किलो चुनखडी मारायला सुमारे ३२० ग्रॅम गंधक लागतं. म्हणजे एका खड्ड्याला तीन किलोंहून जास्त गंधक, आणि एवढं घातल्यावर फक्त चुनखडी संपली. माती आंबट व्हायला तर अजून सुरुवातही झालेली नाही. शिवाय या सगळ्यातून खड्ड्यात जिप्सम नावाचा क्षार साठतो. आणि आजूबाजूची माती आणि बोअरचं जड पाणी रोज नव्यानं चुना आणून ओततच राहतात. एका रोपासाठी आयुष्यभर जमिनीशी भांडण मांडायचं, असं ते होतं.

आपल्या मातीत चुनखडी आहे का, हे घरी बघता येतं. चमचाभर कोरडी माती बशीत घ्या, तिच्यावर व्हिनेगर टाका. फसफसली तर चुनखडी आहे.

थंडीचं काय?

थंड देशातलं झाड पानं गाळून झोपतं. ते जागं कधी होणार हे थंडीच्या तासांवर ठरतं. सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खालचे किती तास गेले याची झाड जणू नोंद ठेवतं. उत्तरेकडच्या वाणांना असे ८०० ते १,००० तास लागतात. ते भरले नाहीत तर कळ्या नीट फुटत नाहीत. निफाडला कडाक्याची थंडी पडते हे खरं. पण पहाटेचे चार तास आणि अशा दहा रात्री धरल्या तर चाळीसच तास झाले.

यावर माणसानं वाट काढली आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या रानटी जातींशी संकर करून कमी थंडीची वाणं तयार झाली. १९९८मध्ये आलेलं 'बिलॉक्सी' हे त्यातलं एक. पेरू देशानं अशी वाणं किनाऱ्याच्या वाळवंटात ठिबकवर लावली आणि तो जगातला सर्वांत मोठा ब्लूबेरी निर्यातदार झाला. तिथे झाड झोपतच नाही. त्याला छाटणीनं आणि पाण्यानं वळण लावतात.

नाशिककरांना यात नवल वाटू नये. द्राक्षही मूळचं थंडीत पानं गाळून झोपणारं. आपल्याकडे ते झोपत नाही म्हणून एप्रिलची आणि ऑक्टोबरची अशा दोन छाटण्या करतो आणि डोळे फुटावेत म्हणून त्यांना औषध लावतो. म्हणजे थंडीची अडचण वाण निवडून सुटते. मातीची तशी सुटत नाही, म्हणून मी मातीवर इतका वेळ घेतला.

महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी होते, मग ही का नाही?

होऊ शकते, पण स्ट्रॉबेरीवरून अंदाज बांधू नका. स्ट्रॉबेरीला साडेपाच ते साडेसहा सामू पुरतो आणि तिथली तांबडी माती तशी असते. दुसरं म्हणजे तिथे स्ट्रॉबेरी पावसाळ्यानंतर लावतात आणि पुढच्या पावसाआधी काढून टाकतात. तिला महाबळेश्वरचा पाऊस सोसावाच लागत नाही. ब्लूबेरी मात्र तिथेच उभी राहणार, आणि पाच हजार मिलिमीटरहून जास्त पावसात तिची केसासारखी मुळं कुजायला वेळ लागत नाही. ज्यांना ती करायची आहे त्यांना पाऊस अडवणारं छत, मातीऐवजी कोकोपीट भरलेल्या मोठ्या कुंड्या आणि आम्ल मिसळलेलं ठिबकचं पाणी असा थाट लागतो. तो व्यवसाय आहे आणि भांडवलाचा आहे. परसबाग नाही.

भारतात ब्लूबेरीचं सख्खं भावंड पाहायचं असेल तर नीलगिरीत जावं. तिथल्या शोलांच्या, म्हणजे डोंगरघळीतल्या दाट रानांच्या, कडेला तिच्याच कुळातली एक रानबेरी वाढते. उत्तराखंडातला लाल फुलांचा बुरांसही (ऱ्होडोडेंड्रॉन) याच घराण्यातला.

हौस आहे, दोनच कुंड्या ठेवायच्या आहेत

मग जरूर ठेवा, आणि मनापासून ठेवा. कमी थंडीचं वाण मागा. वाणाचं नाव सांगता येत नसेल त्या विक्रेत्याकडून घेऊ नका. कुंडी निदान चाळीस-पन्नास लिटरची, तळाला भरपूर भोकं. माती अजिबात नको. धुतलेलं कोकोपीट आणि झाडाच्या सालीचा चुरा घ्या, वर दोन-तीन इंच पालापाचोळा. पावसाचं पाणी साठवून तेच घाला. बोअरचं घालायची वेळ आली तर सायट्रिक ॲसिडची चिमूट टाकून, पट्टीनं सामू ५ ते साडेपाचच्या दरम्यान आला का ते पाहून मगच. दुपारच्या उन्हापासून सावली. कुंडी कधी कोरडी पडू देऊ नये, आणि पाणी साचूही देऊ नये.

पहिली दोन वर्षं फुलं खुडून टाकायची. इथे प्रत्येकाचा हात अडखळतो, माझाही अडखळला. घंटेसारखी पांढरी इवली फुलं, प्रत्येक फूल म्हणजे एक बेरी. पण ती ठेवली तर झाडाची सगळी ताकद तिकडे जाते आणि मुळं वाढत नाहीत. माझ्या झुडपांनी तिसऱ्या उन्हाळ्यात वाटीभर फळ दिलं. आता जून-जुलैत एकेक झुडूप तीन-चार किलो देतं, जाळी टाकली तर. नाही टाकली तर पक्षी आधी येतात.

मुळात बहुवर्षायू झाडाला वेगळा विचार का लागतो?

बहुवर्षायू म्हणजे एकदा लावलं की वर्षानुवर्षं राहणारं. मेथी चुकली तर महिना गेला, पुन्हा पेरा. कोकम चुकलं तर? बीपासून केलेल्या कोकमाच्या रोपांतली साधारण निम्मी नर निघतात. नराला फळ धरत नाही, आणि हे कळायला सहा-सात वर्षं जातात. तेवढी वर्षं पाणी घालून मग कुऱ्हाड चालवायची. म्हणून कोकमाचं कलमच घ्यावं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं 'कोकण अमृता' हे वाण दिलेलं आहे. करवंदाचंही त्यांचं 'कोकण बोल्ड' आहे.

ब्लूबेरीचं झुडूप नीट लागलं तर तीस-चाळीस वर्षं फळ देतं. शेवगा, कढीपत्ता, तोंडलीचा वेल, अळूचा वाफा, सुरणाचे कंद, हदगा, फणस ही सगळी त्याच जातकुळीतली, घराच्या मोरीचं पाणी पिऊन पिढ्या पोसणारी. इतक्या वर्षांचा शेजार असेल तर रोपाच्या आधी जागा वाचायला हवी: माती कशी, पाणी कुठलं, निचरा होतो का, ऊन किती.

माझ्या अंगणात ब्लूबेरीच्या शेजारी पॉपॉ आहे. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या रानातलं फळ, आणि चक्क सीताफळाच्या कुळातलं. सप्टेंबरात पिकतं. आत तसाच मऊ गर आणि तशाच काळ्या बिया, वास केळ्या-आंब्याच्या मधला. बर्फात उभं राहणारं सीताफळ म्हणा ना. मी इथे बार्शीकडचं सीताफळ लावायचा हट्ट धरला असता तर ते पहिल्याच हिवाळ्यात गेलं असतं. पॉपॉची दोन वेगळ्या बियांची झाडं जवळजवळ लावावी लागतात, एकट्याला फळ धरत नाही. बाकी ते माझ्याकडे काही मागत नाही.

पण ब्लूबेरी तब्येतीला चांगली असते म्हणतात

असते. तिच्या निळ्या रंगातच तो गुण आहे. त्या रंगद्रव्यांना अँथोसायनिन म्हणतात. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जांभळी होते तीही त्याच रंगद्रव्यांनी. पिकलेल्या करवंदातही ती असतात. डोंगरातली करवंदं पानाच्या द्रोणात घालून विकणाऱ्या बाईकडे तेच आहे. ब्लूबेरी आवडीनं खावी, परवडत असेल तर विकत आणावी. औषध म्हणून तिच्यामागे लागायची गरज नाही.

हे सगळं मी वहिनींना फोनवर सांगितलं. त्या गप्प झाल्या. रोप तीनशे रुपयांचं होतं आणि त्यांनी ते नातवासाठी आणलेलं होतं. दोन दिवसांनी त्यांचा व्हिडिओ आला. स्टीलच्या बशीत परसातली माती, वर व्हिनेगर ओतणारा त्यांचा हात, आणि सोड्याच्या बाटलीसारखा फसफसाट. मागून नातू ओरडतोय, "आजी, अजून टाक!"

ब्लूबेरी आता कोकोपीटमध्ये आहे, पावसाचं साठवलेलं पाणी संपेपर्यंत जगेल असं त्या म्हणतात. कुंपणालगत मात्र त्यांना करटुल्याचे कंद लावायचे आहेत. पावसाळ्यात आपोआप फुटणारे, चुनखडीला न घाबरणारे. करटुल्यातही नर आणि मादी वेल वेगळे असतात, आठ-दहा मादी वेलांमागे एक नर पुरतो. बाजारातल्या बाईला त्यांनी सांगून ठेवलंय की फळ लागलेल्या वेलाखालचाच कंद आण, आणि एक नराचा वेगळ्या पिशवीत.